पंधरा आणि पन्नास वर्षांच्या मधल्या गाड्या

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वयस्कर टर्नरकाकांच्या लेथपाशी मी जवळजवळ दोन तास उभा होतो. आमच्या प्रीमियर ११८ एनईच्या गिअर लिव्हरखालचा बुश, म्हणजे लिव्हरला घट्ट धरणारी छोटी नळी, झिजला होता, लिव्हर हातात डगडगत होता आणि हा बुश दुकानात नवा मिळेल ही आशा मी दहा वर्षांपूर्वीच सोडून दिली होती. काकांनी जुना बुश हातात घेतला, अंगठ्याचे नख त्याच्या आतल्या कडेवरून फिरवले, चष्मा कपाळावर सरकवून तो उजेडात धरला आणि म्हणाले, "नमुना हाय न्हवं? मग हुतंय की." गनमेटलच्या सळीतून त्यांनी नवा बुश कातून काढला, दोनदा बसवून पाहिला, दोनदा पुन्हा लेथवर चढवला आणि तिसऱ्यांदा तो असा बसला की लिव्हर नव्या गाडीसारखा घट्ट झाला. मात्र त्याच गाडीच्या मागच्या दिव्याची लाल काच तडकलेली आहे. ती प्लॅस्टिकची आहे, तिला आतून बारीक नक्षी आहे आणि ती लेथवर होत नाही. तिचे साचे कधीच मोडीत गेले असावेत. एका दिव्याच्या काचेवाचून चांगली चालती गाडी आरटीओच्या तपासणीत अडते आणि अखेर भंगारात जाते, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पेट्रोल पंपावर दर दोन खेपांमागे कोणीतरी विचारते, "काका, ही कोणती गाडी?" पंचविशीतल्या मुलाने विचारले तर नवल नाही, पण माझ्या वयाचे लोकही विचारतात आणि त्याचे मला वाईट वाटते. फियाट १२४ ही १९६६ सालची इटालियन गाडी आणि १९६७ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर'. तिच्या आराखड्यावरून सोव्हिएत रशियात तोल्यात्तीला लाडा तयार झाली, तुर्कस्तानात मुरात १२४ झाली, स्पेनमध्ये सेआट १२४ झाली. स्पेनमधल्या तिच्या सुधारित रूपावरून मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ साली ११८ एनई बाजारात आणली. एनई म्हणजे निस्सान इंजिन, ११७१ सीसीचे. इटलीचा आराखडा, स्पेनची बॉडी, जपानचे इंजिन आणि मुंबईच्या कामगारांचे हात असा चार देशांचा प्रवास या एका चौकोनी गाडीत आहे. प्रीमियर पद्मिनी मात्र टॅक्सीच्या रूपाने साऱ्या देशाला ठाऊक झाली, तिच्यावर लेख आले, शेवटच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला लोकांनी निरोप दिला. तिची ही धाकटी बहीण कधी आली आणि कधी गेली, याची कोणी नोंद घेतली नाही.

आमची गाडी वडिलांनी १९९१ साली घेतली. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची एक लांबट वही अजून आहे. तिच्यात पेट्रोल भरल्याची प्रत्येक तारीख, लिटर आणि त्या वेळचे किलोमीटर निळ्या शाईने लिहिलेले आहेत. ऑइल बदलले त्या ओळीखाली त्यांनी पट्टीने लाल रेघ मारलेली आहे. जोतिबाच्या डोंगरावर जाताना चोक कधी आत ढकलायचा, उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये ठेवायची, हे मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शिकलो. ते गेल्यानंतर त्या वहीत मी लिहितो. वहीची सात पाने उरली आहेत.

आता मुद्द्याकडे येतो. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले, मूळ रूपात जपलेले, इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठे फेरफार न केलेले वाहन असेल तर त्याला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा नंबर मिळतो. असे वाहन रोजच्या वापरात आणता येत नाही, त्याने धंदा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ते रस्त्यावर आणायचे. हा नियम चांगला आहे आणि तो झाला याचा मला मनापासून आनंद आहे. अडचण एवढीच की खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पुनर्नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर ओघाने येतो. पुनर्नोंदणीचे जे शुल्क ६०० रुपये होते ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि पुढे २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाले. शुल्काबद्दल माझी तक्रार नाही, ज्याला हौस आहे त्याने ते भरावे. तक्रार मधल्या पस्तीस वर्षांबद्दल आहे. सोळाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत गाडी कायद्याच्या नजरेत नुसती जुनी असते. तिच्याकडे वारसा म्हणून पाहण्याची सोय तोवर कुठेच नाही. आमची गाडी २०४१ साली पन्नाशीला पोहोचेल. तोपर्यंत तिच्यासारख्या किती उरतील?

याच मधल्या खाचेत आपल्या देशातल्या सर्वांत कमी ओळखल्या जाणाऱ्या गाड्या अडकल्या आहेत. बेंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉल्फिन काढली. ब्रिटनच्या रिलायंट किटन या गाडीवर ती बेतलेली होती, बॉडी फायबरग्लासची, दारे दोनच, इंजिन ८४८ सीसीचे आणि ॲल्युमिनियमचे. वजनाला हलकी असल्यामुळे शर्यती आणि रॅलीवाल्यांनी तिला उचलून धरले, पण घरगुती गिऱ्हाइकाला मागच्या सीटवर आईवडिलांना बसवायला दार हवे होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, चार दारांची आणि पत्र्याच्या बॉडीची, आणि डॉल्फिनचा बाजार संपला. सिपानीने पुढे चार दारांची मोंटाना काढली, तोवर उशीर झाला होता. फायबरला गंज चढत नाही, म्हणून या गाड्या टिकायला हव्या होत्या असे कोणालाही वाटेल. पण फायबरला भंगारात किंमत नाही आणि तडा गेला तर रेझिन लावून तो भरणारा कारागीर गावोगावी मिळत नाही. त्यामुळे अशी गाडी गोठ्यामागे, बांधाच्या कडेला पडून राहते, तिच्यावर वेल चढतात आणि मग ती कोणाची हेही कोणी विचारत नाही.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची १९८५ ची स्टँडर्ड २००० ही त्याहून दुःखद कथा आहे. बॉडी ब्रिटनच्या रोव्हर एसडी१ ची, म्हणजे ज्या गाडीत तिकडे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे दमदार इंजिन मिळत असे तिची, आणि आत इंजिन मात्र जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातले, सुमारे दोन लिटरचे. गाडी देखणी होती. लांब उतरते बॉनेट, मागे कललेली काच, त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तसे काहीच नव्हते. तीन वर्षांत उत्पादन थांबले. ज्यांनी ती घेतली त्यांना किंमत जड गेली, इंजिन अपुरे वाटले आणि कंपनीच बंद पडल्यावर सुटे भागही मिळेनासे झाले. या गाडीला कोणी अपयशी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण परवाने आणि आयातबंदीच्या काळात एक भारतीय कंपनी काय करू शकत होती आणि काय नाही, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ही एक गाडी बॉनेट उघडून पाहिली तर त्याला दहा भाषणांतून मिळणार नाही एवढे कळेल.

आणि आपल्या महाराष्ट्रातली प्युजो ३०९. फ्रान्सच्या प्युजोशी भागीदारी करून प्रीमियरने १९९० च्या दशकाच्या मध्यावर कल्याणच्या कारखान्यात ही गाडी तयार केली. युरोपात ती १९८५ ची, म्हणजे इथे येईपर्यंत तिकडे निवृत्त झालेली. तरीही ज्यांनी ती चालवली ते तिच्या सस्पेन्शनबद्दल आजही आदराने बोलतात. खड्ड्यांवरून ती ज्या तऱ्हेने जात असे तशी त्या काळी तिच्या पंक्तीतली दुसरी गाडी जात नव्हती. कामगारांचा वाद चिघळला, भागीदारांचे पटेनासे झाले आणि काही वर्षांतच प्युजो परत गेली. गंमत म्हणजे तिचेच १५२७ सीसीचे डिझेल इंजिन मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल आवृत्त्यांत वापरले. त्यामुळे इंजिनाचे भाग मिळत राहिले, गॅस्केट मिळाले, पिस्टन मिळाले. पण दाराचे हँडल, काचेचा रबर, मागचा दिवा हे मारुतीकडे कुठून मिळणार? गाडीचे हृदय धडधडत असताना ती हँडलवाचून मेली. पुण्यात तयार झालेल्या १९९२ च्या टाटा इस्टेटचेही असेच झाले. तिची जोडीदार सिएरा लोकांच्या लक्षात राहिली, तिचे नाव कंपनीने अलीकडे पुन्हा बाजारात आणले. इस्टेट मात्र विस्मरणात गेली, आणि माझ्या मते ती दोघींतली अधिक उपयोगी गाडी होती.

कोणी म्हणेल की जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांचे लाड कशाला? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. या गाड्या प्रदूषणाचे कडक निकष येण्यापूर्वीच्या आहेत. म्हणूनच माझी मागणी सरसकट सवलतीची नाही. जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिवा' ३० वर्षांच्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. जर्मनीत ३० वर्षांच्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला शेवटी 'एच' असलेला नंबर मिळतो. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ता कर माफ होतो. आपणही ३० वर्षांची एक मधली पायरी ठेवावी, तिला विंटेज गाडीचे सगळे निर्बंध लावावेत, वर वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घालावी आणि ती मोडणाऱ्याची नोंदणी रद्द करावी. आमची गाडी गेल्या वर्षभरात ६४० किलोमीटर चालली, वहीत लिहिलेले आहे. ही अट मी आज आनंदाने मान्य करीन. दर पाच वर्षांनी अशा गाडीची तपासणी जरूर व्हावी, परंतु ती करताना तिच्या काळातले भाग मिळत नाहीत हे लक्षात घेण्याची आणि सुरक्षित असेल तर हाताने घडवलेला भाग स्वीकारण्याची मुभा अधिकाऱ्याला नियमानेच असावी.

दुसरी गोष्ट कागदांची. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या डोक्याने घडवली, एकामागून एक नमुने तयार केले आणि सामान्य माणसाला सुमारे १२,००० रुपयांत गाडी मिळावी असा ध्यास घेतला. ती कारखान्यात कधीच गेली नाही. आमच्याच जिल्ह्यातली ही गोष्ट, पण मी ज्या ज्या तरुण इंजिनिअरांना विचारले त्यांतल्या एकानेही तिचे नाव ऐकलेले नव्हते. स्वस्त गाडीचा विषय निघाला की नॅनोपासून सुरुवात होते. मीरेचे रेखाटन, तिचे फोटो, तिच्यासाठी झालेला पत्रव्यवहार हे सारे अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवले गेले पाहिजे, निदान दाखवले गेले पाहिजे. जुन्या गाड्यांची संग्रहालये पाहायची तर माणूस हरियाणात तावडूला जातो, कोइमतूरला जातो, अहमदाबादला जातो. ज्या कुर्ल्यात, कल्याणात आणि पिंपरीत हजारो हातांनी गाड्या जोडल्या, तिथे त्या हातांचे काम दाखवणारी एक दालनभर जागा मागणे हे फार नाही.

हे सरकारने करावे तेव्हा करावे. आपल्या हातात जे आहे ते मी सुरू केले आहे. ११८ एनईचे मूळ मॅन्युअल माझ्याकडे आहे आणि त्याची सगळी पाने मी स्कॅन केली आहेत, ज्यांना हवी त्यांनी मेसेज करावा, एक पैसाही नको. बुशची मापे काकांच्या शेजारी बसून मी लिहून घेतली आहेत, तीही देईन. दिव्याच्या काचेसाठी सांगलीच्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडची अखंड काच गेल्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने पाठवली. जुन्या धोतरात गुंडाळून, वर पुठ्ठा लावून त्यांनी ती इतकी जपून बांधली होती की उघडायला मला पाऊण तास लागला. तिच्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचे ठरले आहे आणि रंगाचा पहिला प्रयोग या रविवारी आहे. जमले तर ज्यांना ज्यांना लागेल त्यांना काच करून देता येईल. पण आलेली काच उजव्या बाजूची आहे. डाव्या बाजूची, तडा नसलेली, कोणाकडे माळ्यावर असेल तर कृपया कळवा. आठ दिवसांसाठी उसनी हवी आहे, मी स्वतः येऊन नेईन आणि स्वतः आणून देईन.