आपल्या सीटचे बोल्ट आणि आमचे अपुरे सूचनापत्रक

नमस्कार. आपण लिहिले आहे की, जुन्या गाडीच्या पुढच्या सीटच्या रेल (सीट ज्यांवर पुढेमागे सरकते त्या पट्ट्या) आणि बोल्ट गंज काढण्याच्या आमच्या सायट्रिक ॲसिडच्या पावडरच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर सोनेरी बोल्ट काळपट झाले, धुऊन वाळत घातलेल्या लोखंडावर दुपारपर्यंत नारिंगी थर चढला आणि परत बसवलेली सीट पूर्वीपेक्षा जास्त अडखळू लागली. यातली एकही तक्रार अवाजवी नाही. ‘रात्रभर बुडवून ठेवा’ असे आमच्याच पत्रकात छापले होते आणि कोणते भाग बुडवू नयेत, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. आपण सूचना तंतोतंत पाळली. चूक आमची आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

सीट गाडीत बसवलेली असल्यामुळे बोल्टचा विषय आधी घेतो. तो सोनेरी रंग म्हणजे जस्ताच्या मुलाम्यावरचा संरक्षक थर होता. आम्ल गंजाआधी जस्तच खाते. असा बोल्ट आम्लाच्या पाण्यात टाकला की थोड्याच वेळात त्याच्या अंगावर सोड्यासारखे बारीक बुडबुडे धरतात, आणि तेव्हाच तो बाहेर काढायला हवा. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. हा वायू कठीण पोलादात शिरला तर बोल्ट दिसायला धडधाकट राहतो, पण ताणाखाली अचानक तुटू शकतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितके पोलाद कठीण आणि हा धोकाही अधिक. अनेक गाड्यांत सीट बेल्टच्या पट्ट्याचे बक्कल सीटलाच जोडलेले असते, त्यामुळे अपघातात प्रवाशाचा भार याच बोल्टांवर येतो. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, ते बोल्ट घासूनपुसून पुन्हा वापरू नयेत. त्याच मापाचे आणि त्याच आकड्याचे नवे घ्यावेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानेच, आवळावेत आणि तोवर त्या सीटवर बसून प्रवास करू नये. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल, तर तो बहुधा एअरबॅगचा किंवा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेचा असतो, तेव्हा बॅटरी सोडवून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये.

नारिंगी थराचे कारण साधे आहे. गंज निघाल्यावर लोखंड उघडे पडते आणि फटींत उरलेले आम्ल व ओलावा त्याला लगेच पुन्हा गंजवू लागतात. धुतल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढणे, हेअर ड्रायरने ऊन हवा देऊन खाचांपर्यंत वाळवणे आणि लगेच तेलाचा हात फिरवणे, हे सगळे एका बैठकीत व्हायला हवे. आता आलेला थर वरवरचा आहे, वायर ब्रशने निघेल.

रेल मात्र बुडवायलाच नको होती. तिच्या खोबणीतल्या पोलादी गोळ्या जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतलेल्या असतात. आम्लाच्या पाण्याने ते ग्रीस विरघळत नाही, उलट पाणी त्याच्यामागे अडकून राहते. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन, रेल एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला सरकवत, चिंधीवर काळे येणे थांबेपर्यंत खोबणी साफ करावी. वरची पट्टी पूर्ण बाहेर ओढू नये, गोळ्या सांडतात. कोरडी झाल्यावर फक्त गोळ्यांच्या वाटेवर लिथियम ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्त लावले की धूळ धरते. बसवताना डावी आणि उजवी रेल एकाच खाचेत अडकली आहे ना, हे नक्की पाहावे. एक जरी खाच पुढेमागे झाली तरी सीट तिरकी ओढली जाते, आणि आपल्याकडे ती अडखळण्यामागे हेही एक कारण असू शकेल.

आपले पूर्ण पैसे आम्ही परत करत आहोत आणि नव्या बोल्टांचा खर्चही आमच्याकडे राहील. जुने पत्रक काढून टाकले आहे. नव्या पत्रकात मुलामा दिलेले भाग, स्प्रिंग आणि रेल बुडवू नयेत, हे पहिल्याच ओळीत आहे. सफाईनंतरही रेल अडली, तर खोबणीचा जवळून काढलेला फोटो ऑर्डरच्या संदेशातच पाठवावा, मी स्वतः पाहून उत्तर देईन.