‘प्लॅन वाढवा, बफरिंग थांबेल’ : एका मेसेजचा प्रतिवाद

टीव्हीवर मालिका किंवा सामना बघताना मध्येच चित्र थांबून चकती फिरायला लागली, म्हणजेच बफरिंग होऊ लागलं, अशी कुणी तक्रार केली की एक मेसेज हमखास पुढे पाठवला जातो. त्यातले उपाय थोडक्यात असे: नेटचा मोठा प्लॅन घ्या, स्पीड टेस्टमध्ये आकडा पूर्ण येत असेल तर नेट ठीक आहे, टीव्ही बदला, अ‍ॅपची कॅशे रोज साफ करा, डीएनएस बदला, कंपनी मुद्दाम स्पीड पाडते, म्हणून व्हीपीएन लावा, राउटर रोज बंद-चालू करा, आणि भारीतली एचडीएमआय केबल टाका. हे वाचून लोक खरोखर पैसे घालतात. वर्षभराचे पैसे एकदम भरून मोठा प्लॅन घेतात आणि आठवड्याभरात चकती पुन्हा तशीच फिरताना बघतात. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘मोठा प्लॅन घ्या’

सगळ्यांत महागात पडणारा सल्ला हाच. आधी व्हिडिओला लागतं किती, ते बघू. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, की ७२०पीसाठी ३, फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, हे नेटच्या वेगाचं माप) पुरतात. यूट्यूबचा ४केसाठीचा आकडा २० आहे. म्हणजे दोन टीव्हींवर एकाच वेळी ४के चालू असलं आणि शिवाय दोन-तीन मोबाइल चालू असले, तरी ५० एमबीपीएसमध्ये भागतं. १०० चा प्लॅन असलेल्या घरात टीव्ही अडकत असेल, तर ३०० घेऊन काय फरक पडणार? लागणारे १५ एमबीपीएस घरात येतच होते, ते टीव्हीपर्यंत पोचत नव्हते.

व्हिडिओ येतो कसा, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. चित्रपट टीव्हीकडे सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात सर्व्हरवर तयार ठेवलेला असतो. अ‍ॅप पुढचे तुकडे आधीच मागवून साठा करतं. मागचा तुकडा किती वेगाने आला आणि हातात किती सेकंदांचा साठा आहे, यावरून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतं. नेट नुसतंच मंद पण एकसारखं येत असेल, तर अ‍ॅप खालच्या दर्जावर उतरतं. चित्र धूसर होतं, पण चालू राहतं. चकती फिरते ती साठा संपल्यावर, म्हणजे सहसा पुरवठा मध्येच काही सेकंद तुटल्यावर.

त्यामुळे टीव्हीसमोर बसल्या बसल्याच अर्धं निदान होतं. चित्र पहिल्यापासून धूसरच असेल, तर वेग खरंच कमी पडतोय. चित्र छान स्वच्छ चालू आहे आणि एकदम थांबतं, तर कुठेतरी तुटतंय, आणि तुटणं प्लॅन वाढवून जोडलं जात नाही.

मोठा प्लॅन घ्यायची वेळ येतेही. राउटरला लॅपटॉप तारेने जोडून मोजलं आणि तरीही घरातल्या सगळ्यांच्या गरजेपेक्षा आकडा कमी आला, तर जरूर घ्या. मात्र आधी डेटाची मर्यादा संपून वेग उतरवला गेला नाही ना, ते बघा. ४के व्हिडिओ तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खातो, त्यामुळे मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये महिनाअखेरीला अडकणारा टीव्ही बऱ्याचदा या कारणाने अडकतो.

‘स्पीड टेस्टचा आकडा पूर्ण येतोय, म्हणजे नेट ठीक आहे’

टेस्ट कुठे केली? बहुतेक जण मोबाइल हातात घेऊन राउटरच्या खोलीत करतात. टीव्ही दोन भिंतींपलीकडे असतो आणि त्याच्या आतला वायफाय अँटेना मोबाइलइतका चांगला असेलच असं नाही. शिवाय टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते आणि काही सेकंदांच्या मोजणीवरून एक आकडा दाखवते. मध्येच दोन सेकंद सगळं ठप्प झालं होतं, हे त्या आकड्यात दिसत नाही. टेस्टचा सर्व्हरही अनेकदा नेट कंपनीच्याच नेटवर्कमध्ये, अगदी जवळ असतो. किमान टीव्हीच्याच ब्राउझरवर किंवा अ‍ॅपमधल्या नेटवर्क तपासणीत मोजा. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेली फास्ट डॉट कॉम ही टेस्ट त्यांच्या व्हिडिओ सर्व्हरवरूनच मोजते, त्यामुळे ती वास्तवाच्या जास्त जवळ जाते.

याहून उपयोगी पडतं ते पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, आणि त्याला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप टीव्हीच्या शेजारी ठेवा, वायफायवरच. एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला पिंग चालू करा (तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. विंडोजवर पिंग चार ओळींनंतर थांबतं, म्हणून सलग चालू ठेवण्याचा पर्याय लावा. मग टीव्ही सुरू करा आणि दोन्ही खिडक्यांकडे लक्ष ठेवा. राउटरच्या ओळी ३, ४, ३, ५ मिलिसेकंद अशा सरळ चालायला हव्यात. त्यात मध्येच २८०, ४१० असे आकडे उसळले किंवा ‘टाइम्ड आउट’ (उत्तरच आलं नाही) असं आलं, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. राउटरच्या ओळी सरळ आहेत आणि फक्त बाहेरच्या उसळतात, तर दोष राउटरच्या पुढे, लाइनवर. या एका तपासणीने निम्मे उपाय आपोआप बाद होतात.

दोष वायफायचा निघाला, तर आधी २.४ गिगाहर्ट्झ बँडकडे, म्हणजे वायफाय ज्यावर चालतं त्या लहरींच्या एका पट्ट्याकडे बघा. बहुतेक देशांत या बँडवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर याच तिघांवर गर्दी करतात. ब्लूटूथ तिथेच चालतं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. रात्री जेवण गरम करायच्या वेळीच टीव्ही अडकत असेल, तर हा योगायोग समजू नका. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा. तिथे जागा जास्त आहे, पण त्या लहरी भिंतीतून कमी जातात, म्हणून राउटर कपाटात, जमिनीवर किंवा टीव्हीच्या मागे ठेवून चालत नाही.

टीव्हीच्या मागे खोचलेल्या स्ट्रीमिंग स्टिकबद्दल मुद्दाम सांगतो, कारण हे कुणी तपासतच नाही. स्टिक थेट एचडीएमआय पोर्टात बसवली की तिच्या पुढे टीव्हीचं धातूचं पॅनेल आणि मागे भिंत, दोन्हींमध्ये अवघी काही इंच जागा. काही स्टिकसोबत डब्यात एक छोटी एचडीएमआय एक्स्टेंडर तार येते. लोक ती डब्यातच ठेवून देतात. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर आणा आणि मग पुन्हा पिंग किंवा टेस्ट करून बघा. शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल, तर तीही लांब करा. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिलं आहे.

सगळ्यांत पक्का उपाय मात्र तारच. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकता येत असेल, तर दुसरा विचारच करू नका. ‘टीव्हीचं लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं, वायफाय त्याहून वेगवान’ असं काही जण सांगतात. अनेक टीव्हींचं पोर्ट तेवढंच असतं हे खरं, पण लागतात १५ ते २०, आणि तारेतून ते न तुटता येतात. तार शक्य नसेल तर रिपीटर (वायफायची रेंज पुढे नेणारं छोटं यंत्र) लावताना तो अडचणीच्या खोलीत लावू नका. जिथे रेंजच पोचत नाही, तिथे तो पुढे काय देणार? राउटर आणि टीव्ही यांच्या मध्ये, रेंज अजून चांगली असलेल्या जागी लावा. एकाच बँडवर घेणारा आणि देणारा रिपीटर जवळपास निम्मा वेग खातो, हेही धरून चाला.

मेसेजमध्ये नसलेलं कारण

राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, बाहेरचं पिंग मात्र ठरावीक वेळी उसळतं. अशा वेळी अपलोड तपासा. रात्री मोबाइल चार्जिंगला लावला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. अनेक कनेक्शनवर अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, तो लगेच भरतो. टीव्ही व्हिडिओ घेताना सर्व्हरला सतत पोच पाठवत असतो, आणि ती पोच त्या फोटोंच्या रांगेत मागे अडकते. पोच उशिरा पोचली की सर्व्हर पुढचा माल पाठवताना हात आखडतो. राउटर आणि मोडेममध्ये अशी लांबलचक रांग साचण्याला बफरब्लोट म्हणतात. त्यावर एफक्यू-कोडेल नावाची पद्धत आहे, २०१८ मध्ये तिचं आरएफसी ८२९० हे तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झालं. काही राउटरांच्या सेटिंगमध्ये हे ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ या नावाने असतं. ते चालू करून वेगाची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवायची, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. राउटरमध्ये ही सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप झोपायच्या वेळेनंतर सुरू करा.

कॅशे, डीएनएस, व्हीपीएन

कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून टीव्हीत साठवून ठेवलेला डेटा. त्यात मुख्यतः मेनूतली छोटी चित्रं आणि मजकूर असतो. टीव्हीची जागा भरली असेल, अ‍ॅप उघडायलाच वेळ लावत असेल, तर ती साफ केल्याने फायदा होतो. रोज साफ केल्याने व्हिडिओचा पुरवठा सुधारत नाही.

डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देणं. पत्ता मिळाला की व्हिडिओचा डेटा डीएनएसमधून जातच नाही. नेट कंपनीचा डीएनएस बंद पडत असेल किंवा उत्तर द्यायला वेळ लावत असेल, तर बदला, अ‍ॅप लवकर उघडेल. पण उलटाही परिणाम होऊ शकतो. काही सेवा डीएनएसची विचारणा कुठून आली ते बघून जवळचा सर्व्हर देतात, आणि काही सार्वजनिक डीएनएस तुमच्या नेटवर्कचा ठावठिकाणा पुढे कळवत नाहीत. मग लांबचा सर्व्हर वाट्याला येतो.

व्हीपीएन म्हणजे आपला डेटा कुलूपबंद करून मधल्या दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा. त्याने वाट लांबते आणि टीव्हीच्या कमकुवत प्रोसेसरवर या कुलूपबंदीचा (एन्क्रिप्शनचा) भार पडतो. कंपनी खरोखर व्हिडिओचा वेग पाडत असेल किंवा तिचा पुढचा रस्ता तुंबलेला असेल, तेव्हा व्हीपीएनने फरक पडतो, हे मान्य. पण ते तपासायला लॅपटॉपवर तारेने एकदा व्हीपीएनशिवाय आणि एकदा व्हीपीएनसह मोजा. फरक दिसला तरच घ्या. फुकटचे व्हीपीएन तर लावूच नका. आपला सगळा व्यवहार अनोळखी माणसाच्या हातात देऊन मालिका बघण्यात अर्थ नाही.

राउटर बंद-चालू आणि एचडीएमआय केबल

कधीतरी राउटर रीस्टार्ट करणं ठीक. पण रोज करावं लागत असेल, तर राउटर तापतोय, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं आहे किंवा अ‍ॅडॉप्टर थकलाय. रोजच्या रीस्टार्टने तो दोष झाकला जातो आणि दुरुस्ती लांबते.

एचडीएमआय केबलचा बफरिंगशी काहीही संबंध नाही. खराब केबलने पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र क्षणभर काळं होतं, आवाज जातो. चकती फिरत नाही.

जे घरात सुटत नाही

थेट सामन्यात अ‍ॅप फार पुढचे तुकडे मागवूच शकत नाही, कारण ते अजून घडलेलेच नसतात. साठा लहान, म्हणून इतर वेळी जाणवतही नाही असा धक्का तिथे चकती फिरवतो. शेवटच्या षटकांत सगळीकडचे प्रेक्षक एकदम जमले की सर्व्हरकडूनही अडतं. त्याच क्षणी दुसऱ्या अ‍ॅपवर जुना चित्रपट लावून बघा. तो सुरळीत चालला तर आपल्या घरात काही उघडू-जोडू नका.

आणि दोष लाइनचाच निघाला, तर कंपनीला ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. त्यावर ‘राउटर रीस्टार्ट करा’ हेच उत्तर येतं. लॅपटॉप तारेने जोडून मोजलेला वेग, तारीख-वेळ, राउटरचं पिंग सरळ आणि बाहेरचं तुटलेलं दाखवणारा स्क्रीनशॉट, आणि त्या वेळी घरात दुसरं काही अपलोड होत नव्हतं, एवढं लेखी कळवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या.