‘सँडर असताना रंधा कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फळी हाताने रंधून सपाट करण्यावरच्या लेखाबाबत तुमचे आक्षेप दोन. एक, ऑर्बिटल सँडरला (फिरत्या तबकडीने लाकूड घासणारं यंत्र) 60 नंबरचा घासकागद लावला की अर्ध्या तासात फळी सपाट होते, मग रंध्याचा (लाकूड तासायचं सुताराचं हत्यार) सोस कशाला? दोन, लेखात सांगितल्याप्रमाणे जुलैत तुमच्या ऐरोलीच्या घरी रंधलेली सागाची फळी आठ दिवसांत पुन्हा वाकली. पहिला मान्य नाही. दुसरा बराचसा बरोबर आहे आणि त्यात चूक लेखाची आहे.

सँडर फळी गुळगुळीत करतो, सपाट नाही. त्याची तबकडी पाच इंचांची आणि मऊ. उंचवटा आला की ती त्यावर चढते, खोलगटात उतरते. शिवाय गाठ टणक असते, तिच्याभोवतीचं लाकूड आधी झिजतं आणि गाठ टेंगळासारखी वर राहते. पॉलिश लावून खिडकीच्या उजेडात तिरकं पाहा, लाटा दिसतील. रंध्याचा तळ लांब आणि सरळ असतो. दोन उंचवट्यांवर टेकून तो मधला खड्डा ओलांडतो, म्हणून कापला जातो तो उंचवटाच.

पीळ, म्हणजे फळी मुरडून तिचे कोपरे वरखाली होणं, तर सँडरने जातच नाही. फळीच्या दोन्ही टोकांना सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या आडव्या ठेवा (खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे चालतात) आणि एका टोकाशी डोळा नेऊन पाहा. वरच्या कडा समांतर दिसत नसतील तर तिरके समोरासमोरचे दोन कोपरे उंच आहेत. त्यांवर पेन्सिलीने रेघोट्या मारा, आधी तेच उतरवा. फळी डुगडुगत असेल तर खाली पाचर द्या. नाहीतर ती दाबाने वाकते, सपाट झाल्यासारखी वाटते आणि हात काढला की उसळते. वखारीतल्या थिकनेसरचंही (फळी एकसारख्या जाडीची करणारं यंत्र) हेच: रोलर फळी दाबतात, पीळ तसाच बाहेर येतो. आधी सरफेसरवर, म्हणजे बाजू सपाट करणाऱ्या यंत्रावर, एक बाजू काढून द्या म्हणावं, मग थिकनेसर.

हाताने करताना सुरुवातीला रंधा तिरका, रेशांना छेद देत चालवा. पलीकडची कड आधी थोडी तिरकी मारून घ्या, म्हणजे ती फुटत नाही. मग रेशांच्या दिशेने, कागदासारखी पातळ साल निघेल इतकंच पातं बाहेर ठेवून. रेशे उचकटले तर फळी फिरवून घ्या. यानंतर 80, 120, 180 नंबरचा कागद. इथे सँडरच हवा, त्यात वाद नाही. मास्क मात्र लावा, सागाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते. (शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत नाहीत ना, तेही पाहा.)

आता वाकण्याचं. 85 टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत लाकूड हळूहळू 17-18 टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, 60 टक्क्यांना 11च्या आसपास. या फरकाने नऊ इंच रुंद सागाची फळी रुंदीत जवळजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग) फुगू किंवा आकसू शकते. दोन्ही बाजू सारख्या हलल्या तर बिघडत नाही. पण रंधल्यावर आतलं, वेगळ्या ओलाव्याचं लाकूड उघडं पडतं. त्यात एकाच बाजूने जास्त काढलं किंवा फळी ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथी ठेवली, तर एक बाजू हवा खाते, दुसरी नाही. मग फळी रुंदीत वाकून तिची वाटी होते.

लेखात हे लिहायला हवं होतं: दोन्ही बाजूंनी सारखं काढा, एक सूत जादा ठेवून थांबा, फळी पट्ट्यांवर किंवा कडेवर उभी ठेवून तीन-चार दिवस हवा लागू द्या, मग शेवटचा हात. पॉलिशही दोन्ही बाजूंना.

तुमची फळी लगेच पुन्हा रंधू नका. पट्ट्यांवर ठेवून पाऊस ओसरू द्या, वाटी थोडी आपोआप उतरेल. उरलेली रंधायला जाडी पुरत नसेल, पाऊण इंचाखाली जाणार असेल, तर खालून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवा. पट्टीतलं मधलं भोक गोल, बाकीची फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, म्हणजे फळी हलेल पण चिरणार नाही.