‘तो भाग माझ्याकडे नव्हता, सर’

काल अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या डिझाइन प्रोजेक्टचा रिव्ह्यू झाला आणि ‘तो भाग माझ्याकडे नव्हता, सर’ हे वाक्य एकाच गटाकडून इतक्या वेळा ऐकावे लागले की डोके अजून शांत झालेले नाही.

विषय अस्सल नागपुरी होता: कूलरला वाळ्याची ताटी लावावी, लाकडाचे गवत भरावे की हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार, पॅड बसवावे. 23 मे 2013 रोजी ज्या शहरात पारा 47.9 अंशांवर गेला, तिथे या प्रश्नाचे उत्तर कोणाला नको आहे? तरीही मिळालेल्या वेळातला निम्मा वेळ अनुक्रमणिका, कूलरचा इतिहास आणि विदर्भातला उन्हाळा यांतच संपला.

मग आलेख आला. अक्षांना ना नाव, ना एकक. वाळ्यातून आलेली हवा 28 अंश, हनीकोंबमधून आलेली 26, म्हणून हनीकोंब श्रेष्ठ. मी विचारले, ‘वाचने एकाच दिवशी घेतली का? वेट बल्ब तापमान किती होते?’ वेट बल्ब म्हणजे ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेले तापमान; कूलरची हवा त्याच्या खाली जाऊच शकत नाही. बाहेर 43, वेट बल्ब 23 आणि कूलरमधून 28 अंश आले, तर उतरू शकणाऱ्या 20 अंशांपैकी 15 उतरले, म्हणजे कार्यक्षमता 75 टक्के, आणि तुलना करायची तर याच आकड्याची. आलेख दाखवणाऱ्याने शेजाऱ्याकडे पाहिले, शेजाऱ्याने पडद्याकडे. जिने ती वाचने घेतली आणि जिच्या वहीत दोन्ही दिवसांचे वेट बल्ब नीट नोंदलेले मी स्वतः पाहिले आहेत, ती मुलगी मूग गिळून उभी होती, कारण वाटणीत तिच्याकडे ‘निष्कर्ष’ आणि ‘धन्यवाद’ एवढ्याच स्लाइड आल्या होत्या. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने बोलायचे नाही आणि ज्याने जे केले नाही ते त्याने वाचून दाखवायचे, याला गटाचे काम म्हणायला मी तयार नाही.

भर उन्हाळ्यात मागून आणलेल्या ब्लेझरांचा आणि पडद्यावर उगाच गरगर फिरणाऱ्या कॅड मॉडेलचा, म्हणजे संगणकावर काढलेल्या प्रतिकृतीचा, मला तितकाच तिटकारा आहे. त्याहून राग येतो तो मोबाइलमधून मान वर न काढता ‘प्रेझेंटेशन छान, आत्मविश्वास वाढवा’ एवढे बोलून गुण देणाऱ्या परीक्षकांचा.

‘स्लाइडवरून इतके काय तापायचे?’ असे एका सहकाऱ्याने विचारले. 2003 मध्ये कल्पना चावलासह सात जणांना घेऊन परतणारे कोलंबिया यान कोसळले. उड्डाणाच्या वेळी त्याच्या डाव्या पंखावर फोमचा तुकडा आदळला होता, आणि यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी दाखवलेल्या स्लाइडचा मथळा धीर देणारा होता; आदळलेला तुकडा सुमारे 1920 घनइंचांचा आणि ज्या चाचणीच्या भरवशावर हा धीर दिला तिच्यातला फक्त 3 घनइंचांचा, ही खरी गोष्ट अगदी तळाच्या ओळीत दडली होती. चौकशी मंडळाने अहवालात त्या स्लाइडची चिरफाड केली आहे.

म्हणून पुढच्या रिव्ह्यूला कोणता भाग कोण मांडणार हे मी ऐनवेळी चिठ्ठ्या टाकून ठरवणार आहे. पहिल्याच स्लाइडवर निर्णय आणि त्यामागचा आकडा लागेल. विभागप्रमुखांकडे तक्रार जाणार हे मला माहीत आहे; ती खुशाल जाऊ द्यावी.