आपल्याच नावाचं कूळ

डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातलं आपलं नाव, विकत मिळत नाही. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, कारण विकणारा ते शेवटपर्यंत सांगत नाही. बटणावर 'खरेदी करा' लिहिलेलं असतं, पावती खरेदीची येते, अभिनंदनाचा ईमेलही येतो. प्रत्यक्षात हाती पडतो तो नाव वापरण्याचा हक्क, कमीत कमी एक वर्षाचा आणि जास्तीत जास्त दहा वर्षांचा. पुढचे पैसे भरले नाहीत की नाव गेलं. म्हणजे माणूस स्वतःच्याच आडनावाचं कूळ होतो, आणि कुळकायदा इथे लागू नाही. १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई राज्यातली कुळं कसत्या जमिनीची मानीव खरेदीदार झाली. एकच डोमेन वीस वर्षं कसणारा मात्र आजही दरसाल खंड मोजतोय.

नाव मोकळं आहे का हे बघायच्या चौकटीत सगळेच जण आधी नुसतं आडनाव टाकतात. हा निव्वळ आशावाद. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं, आणि तेव्हापासून जगातले बाकीचे जोशी काही झोपलेले नाहीत. मग आद्याक्षर जोडून बघायचं, मग गाव, मग जन्मसाल. जन्मसालापाशी थांबावं. त्यापुढे जे मोकळं सापडतं ते नाव नसतं, पासवर्ड असतो.

नियम थोडे आहेत. रोमन अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ चालते. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. टिंबाआधीचा तुकडा ६३ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. ६३ अक्षरांत वडिलांचं नाव आणि मूळ गाव घालूनही जागा उरते, त्यामुळे अडचण लांबीची नाही, स्पेलिंगची आहे. क्षीरसागरांनी केएसएच लिहायचं की एक्स, वैद्यांच्या शेवटी ए ठेवायचा की नाही, यावर सख्ख्या भावांची आधार कार्डं जुळत नाहीत. मी एकच चाचणी मानतो: नाव मावशीला फोनवर एकदा सांगावं आणि तिने काहीही न विचारता ते टाइप करावं. रेघ आहे म्हटलं की मावशी विचारणार, "मधली की खालची रे?" अशा नावात खालची रेघ चालतच नाही, पण हे मावशीला पटवण्यापेक्षा रेघ काढून टाकणं स्वस्त पडतं.

डॉट कॉम मिळालं नाही तर डॉट इन. त्याचा कारभार निक्सी ही संस्था बघते आणि २००५ पासून ते सर्वांना खुलं आहे. व्यक्तींसाठी म्हणून खास डॉट इंड डॉट इन अशीही एक सोय आहे, पण तो पत्ता सांगितल्यावर समोरचा माणूस आपण अडखळलो असंच समजतो. आणि मराठीचा अभिमान उसळलाच तर डॉट भारत आहे. २०१४ च्या ऑगस्टपासून अख्खा पत्ता देवनागरीत घेता येतो, ऱ्हस्व-दीर्घासकट, म्हणजे क्षीरसागरांचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. फक्त यंत्रणेच्या पोटात नावं अजूनही रोमनमध्येच साठवली जातात. तिथे आपल्या सुबक नावाचं एक्स, एन, दोन रेघा आणि पुढे उच्चार करता येणार नाही अशी अक्षरमाळ, असं रूप होतं. त्या पत्त्यावरचा ईमेल दिला की कित्येक ऑनलाइन फॉर्म त्याला 'अवैध' ठरवून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर डॉट भारत घ्यावं, पण जोडीला घ्यावं आणि रोमन पत्त्याकडे वळवून ठेवावं.

आता पैसे. पहिल्या वर्षाचा दर मोठ्या लाल अक्षरात असतो, दुसऱ्या वर्षाचा बारीक आणि राखाडी. डॉट कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. तेव्हा जो दुकानदार ते ९९ रुपयांत देतो, तो आपल्या प्रेमापोटी तोटा सोसत नसून दुसऱ्या वर्षाची वाट बघत असतो. नूतनीकरणाचा दर शोधून काढावा, त्यात १८ टक्के जीएसटी मिळवावा, आणि मग ९९ च्या आकड्याकडे बघून हवं तितकं हसावं. पैसे भरायच्या पानावर न मागितलेल्या वस्तू आधीच टिक करून ठेवलेल्या असतात: ईमेल, 'साइट सुरक्षा', विकतचं प्रमाणपत्र, आपल्या नावाची आणखी तीन भावंडं. सगळे टिक काढावेत. नोंदणीतली माहिती झाकायची सोय तेवढी ठेवावी. डॉट कॉमला ती बहुतेक ठिकाणी फुकट असते. डॉट इनला असा पडदा चालत नाही. नोंदणीनंतर लगेचच "सर, वेबसाइट डिझाइन करून हवी आहे का?" असे फोन येऊ लागले, की नंबर कुठेतरी उघडा पडला असं समजावं. बिलासारखी दिसणारी 'सर्च इंजिन नोंदणी'ची पत्रंही येतात. ती बिलं नसतात. भरू नयेत.

ईमेल पडताळणीची लिंक मात्र खरी असते, आणि ती नेमकी जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडते. डॉट कॉमसारख्या नावांना आयकॅन या जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे १५ दिवसांत ती दाबावी लागते. नाही दाबली तर नाव थंड पडतं आणि तुम्ही साइटची पानं ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्याशी भांडत बसता, ज्याचा यात काडीचाही संबंध नसतो.

भांडायचं कुणाशी हे न कळणं, हाच या सगळ्या प्रकाराचा गाभा आहे. नाव देणारा रजिस्ट्रार वेगळा, पत्ता सांगणारा नेमसर्व्हर वेगळा, पानं ठेवणारा होस्ट वेगळा, सुरक्षिततेचं कुलूप देणारा प्रमाणपत्रवाला वेगळा, टपाल बघणारा आणखी वेगळा. रजिस्ट्रार म्हणतो होस्टला विचारा, होस्ट म्हणतो डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी नोंदवही) बघा, आणि डीएनएस नक्की कुणाकडे आहे हे कुणीच सांगत नाही. या टप्प्यावर घरोघरी भाचा बोलावला जातो. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर असला तरी चालतो.

भाचा पहिली चूक करतो ती ठरलेली. नेमसर्व्हर होस्टिंगवाल्याचे लावलेले असतात आणि तो रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये बसून ए रेकॉर्ड, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंद, बदलत राहतो. रेकॉर्ड सेव्ह होतो, हिरवी खूणही येते, जगाला मात्र काहीच दिसत नाही, कारण जग वाचतं ते नेमसर्व्हर जिथले आहेत तिथलंच. म्हणून आधी नेमसर्व्हर कुणाचे ते बघावं, आणि फक्त तिथेच हात घालावा.

दुसरी गंमत 'होस्ट' नावाच्या रकान्यात. मूळ नावासाठी तिथे @ हे चिन्ह टाकायचं असतं. माणूस शिकलेला असल्यामुळे तो पूर्ण पत्ता लिहितो. पॅनेल त्यापुढे आपणहून पुन्हा पूर्ण पत्ता जोडतं, आणि 'जोशी डॉट इन डॉट जोशी डॉट इन' असा एक पत्ता तयार होतो, जो बिनचूक चालतो आणि जिथे कुणीही कधीही जात नाही. तिसरी गोष्ट, सीनेम, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ला सीनेम लावता येतो, बिनडब्ल्यूच्या मूळ नावाला नाही, कारण सीनेम असलेल्या नावावर दुसरा रेकॉर्ड नांदू शकत नाही आणि मूळ नावावर एनएस आणि एसओए हे सक्तीचे रेकॉर्ड आधीच मुक्कामाला असतात. तिथे ए रेकॉर्डच हवा, किंवा पुरवठादाराकडे सीनेमसारखीच पण मूळ नावाला चालणारी एलियासची सोय हवी. आणि नेमसर्व्हर बदलण्याआधी डीएनएससेक (उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर ते बंद करावं. त्या सहीची ओळख सांगणारा जुना डीएस रेकॉर्ड मागे राहिला तर पडताळणी करणाऱ्या सर्व्हरांना सही जुळत नाही आणि साइट काहींना दिसते, काहींना नाही. ज्यांना दिसत नाही त्यांत मावशी हमखास असते.

हे सगळं नीट झालं की भाचा चहा संपवून उठतो आणि म्हणतो, "मामा, आता २४ ते ४८ तास लागतील, प्रोपगेशन आहे." हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण यात काहीही कुठे पसरत नसतं. जगभरचे सर्व्हर जुनं उत्तर आपल्याजवळ धरून बसलेले असतात, आणि किती वेळ धरायचं ते टीटीएल नावाच्या सेकंदांतल्या आकड्यावर ठरतं. ८६४०० असेल तर एक दिवस, ३०० असेल तर पाच मिनिटं. बदल करायच्या आदल्या दिवशीच तो ३०० वर आणून ठेवला तर ४८ तासांचं सुतक पाळावं लागत नाही. नेमसर्व्हरच बदलले असतील तर तो आकडा आपल्या हातात नसतो, तिथे थांबणं आलं. आणखी एक: रेकॉर्ड टाकायच्या आधीच 'दिसतंय का बघू' म्हणून पत्ता उघडू नये. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवून ठेवलं जातं. उतावळ्या माणसाला स्वतःची साइट सगळ्यांत शेवटी दिसते, ती यामुळे. तोवर मोबाइलचा डेटा चालू करून दुसऱ्या वाटेने बघावं.

अखेर साइट उघडते आणि ४०३, म्हणजे 'मनाई', दाखवते. दार सापडलं, आत सोडत नाहीत. फाइल चुकीच्या फोल्डरात असते, किंवा परवानग्या चुकलेल्या असतात (फोल्डरला ७५५, फाइलला ६४४), किंवा पहिल्या पानाच्या 'इंडेक्स' फाइलचा आय मोठ्या लिपीत असतो. घरच्या विंडोजला लहान-मोठ्या आयचा फरक कळत नाही, लिनक्सला कळतो आणि तो तडजोड करत नाही.

मग मराठी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. पानाच्या वरच्या भागात यूटीएफ-८ असल्याचं सांगितलं नाही आणि ब्राउझरने ते पाश्चात्त्य लिपी म्हणून वाचलं, तर एकेका अक्षराचे तीन तुकडे होतात आणि डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला परदेशी ए आणि चार शेंड्या फुटलेलं वर्तुळ अशी जोडगोळी पानभर नाचते. ही तरी बरी. यूटीएफ-८ सांगणारी चारसेटची एक ओळ वर टाकली की परत मराठी होते. पण डेटाबेसच्या तक्त्याने लॅटिन-१ (फक्त पाश्चात्त्य अक्षरांची पद्धत) मानून अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं साठवली असतील तर मूळ मजकूर गेला, ती प्रश्नचिन्हं कुणालाही उलगडत नाहीत. तक्ता पहिल्यापासून यूटीएफ-८-एमबी-४ या पद्धतीचा ठेवावा. आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केलेल्या आजोबांच्या कविता तशाच चिकटवू नयेत. त्या मुळात रोमन अक्षरंच असतात, मराठी फक्त फॉन्ट असतो. आधी कन्व्हर्टरमधून काढाव्यात आणि मग रफार हाताने तपासावेत. वर्डप्रेस हे साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर चढवलं तर 'हॅलो वर्ल्ड' नावाचा पहिला लेख आपोआप येतो. कित्येक वैयक्तिक साइटींचं समग्र वाङ्मय तेवढंच आहे.

कुलपाचं प्रकरण त्यामानाने निवळलंय. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून प्रमाणपत्र फुकट देते, ९० दिवसांचं, आणि नूतनीकरण आपोआप करून घ्यायचं असतं. फक्त क्रम पाळावा: आधी नाव सर्व्हरकडे वळलेलं हवं, सर्व्हरचं ८० नंबरचं पोर्ट (साध्या वेबची वाट) उघडं हवं, मग अर्ज. नाव वळायच्या आत बटण दाबत बसलं की तासाभरात पाच अपयशांनंतर तेही दार लावून घेतात. ते सगळ्यांशी असंच वागतात, मनाला लावून घेऊ नये.

टपालात माणूस पुन्हा फसतो. टपाल कुठे पोचवायचं ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड टाकला की ईमेल येतात, पण आपले ईमेल दुसऱ्याच्या स्पॅममध्ये पडतात, कारण पाठवणारा खरा आहे हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम हे रेकॉर्ड राहिलेले असतात. एसपीएफचा रेकॉर्ड एकच हवा. टपालसेवा बदलताना भाचा जुना न काढता दुसरा टाकतो आणि दोन्ही बाद होतात. दोघांना एका ओळीत नांदवावं लागतं, आणि त्या ओळीत दहापेक्षा जास्त चौकश्या करायला लावणारे उल्लेख चालत नाहीत.

आणि वर्षाने खंडाची तारीख येते. 'ऑटो रिन्यू' चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी रीतसर संमतीची नोंद लागते, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे ती नसली की व्यवहार मुकाट्याने फसतो. तसा इशारा ईमेलने येतो. तो ज्या पत्त्यावर येतो तो त्याच डोमेनवरचा असेल तर नाव बंद पडल्यावर इशाराही पोचत नाही, म्हणून रजिस्ट्रारकडे नेहमी दुसरीकडचा पत्ता द्यावा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर ४५ दिवसांपर्यंतची सवलत असते, पण रजिस्ट्रार त्याआधीच नाव लिलावात काढू शकतो. त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते ज्याला हवं त्याचं.

खातं स्वतःच्या नावावर असावं, भाच्याच्या नाही. नोंदीत ज्याचं नाव त्याचं डोमेन, आणि लग्न झाल्यावर भाचा मामाचा फोन उचलेलच असं नाही.