सुया परवडल्या, पण ते "हलू नका" नको

इंदूरमध्ये खांदा दुखतोय हे चारचौघांत बोलायची सोय नाही. म्हणजे बोला खुशाल, पण मग संध्याकाळ मोकळी ठेवा. माझा उजवा खांदा धरला तेव्हाची गोष्ट. पोळ्या लाटता येत होत्या (हे घरात सगळ्यांनी आवर्जून नोंदवलं), पण वरच्या फळीवरचा जिरावणचा (आमचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) डबा काढता येईना, वेणी घालता येईना, आणि ब्लाऊजचं हुक लावायला नवऱ्याला हाक मारली की तो नेमका आंघोळीला गेलेला. हाडाच्या डॉक्टरांनी हात इकडे फिरवला, तिकडे फिरवला, मी किंचाळले, ते समाधानाने म्हणाले फ्रोजन शोल्डर. चाळिशी ते साठीतल्या बायकांना जास्त होतो, शुगर असली तर आणखीच. गोळ्या घ्या, व्यायाम करा, एक-दोन वर्षांत, फार तर तीन, बहुतेकांचा आपोआप सुटतो.

आता "आपोआप" हा इलाज आमच्या घरात कोण मान्य करणार! सासूबाईंनी महानारायण तेलाची बाटली काढली, डोंबिवलीच्या नणंदेने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवले ज्यात एक माणूस टॉवेलशी कुस्ती खेळत होता, शेजारच्या काकूंनी राजवाड्यामागच्या कुठल्याशा पहलवानाचा पत्ता दिला जो म्हणे एका झटक्यात मोकळा करतो. काय मोकळं करतो ते विचारायची हिंमत झाली नाही. त्यात ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली ॲक्युपंक्चर करून बघ, माझ्या मानेला फरक पडला. मी रक्त तपासायला गेले तरी भिंतीकडे तोंड करून बसणारी बाई, पण पहलवानापेक्षा सुई बरी असा हिशोब केला आणि पलासियाजवळच्या एका क्लिनिकची वेळ घेतली.

फोनवरच सूचना सुरू. सैल कपडे घालून या, बाह्या कोपराच्या वर आणि पायजमा गुडघ्याच्या वर गेला पाहिजे. येण्याआधी चहा-कॉफी नको, जिभेचा रंग बदलतो. त्या दिवशी टंग क्लीनर वापरू नका. आणि उपाशी पोटी येऊ नका, चक्कर येते. यातली टंग क्लीनरची सूचना मी घरात सांगितली तेव्हा सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी धर्मांतर करतेय. वर तो दिवस निघाला संकष्टीचा. उपास मोडायचा नाही आणि उपाशी जायचं नाही, मग बराच खल होऊन राजगिऱ्याचा लाडू आणि केळ्यावर तोडगा निघाला. चहा मात्र नाही. बिनचहाची मी आणि माझ्याशी बोलायची वेळ आलेला नवरा, दोघांनाही ती सकाळ जड गेली.

तर नव्याने जाणाऱ्यांनो, ऐका. पहिल्या दिवशी गेल्या गेल्या सुया नाहीत, आधी चौकशी होते. मला वाटलं खांद्याबद्दल विचारतील. मॅडमनी विचारलं झोप कशी लागते, स्वप्नं पडतात का, थंडी जास्त वाजते की उकडतं, तहान किती, पोट रोज साफ होतं का, पाळी कशी आहे, राग येतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याने दिलं. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, आणि "ज़बान दिखाइए". जीभ बाहेर काढून मी बसलेय, मॅडम त्यावर वाकून मनाशी काहीतरी ठरवतायत, नवरा पण मागून डोकावतोय. मग कामाचे प्रश्न: रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, फिट येते का, प्रेग्नन्सीची शक्यता आहे का. हे प्रश्न जिथे विचारत नाहीत तिथून चप्पल घालून परत यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच कोणी बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करा म्हणाला तरी.

सुया बघितल्या तेव्हा मात्र जरा फसवल्यासारखंच वाटलं. इतकी बारीक! जाडी साधारण पाव मिलिमीटर. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि चांगली दुप्पट-तिप्पट जाड, ही भरीव. स्टीलची, सीलबंद पाकिटात, पाकीट आपल्यासमोर फोडायचं आणि एकदा वापरली की फेकायची. आता मी पडले इंदूरची, घरात ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी असे सहा प्रकार वेगळे करून कचऱ्याच्या गाडीला देणारी, त्यामुळे तोंडून पहिला प्रश्न गेला तो दुखेल का हा नाही, तर मॅडम या कुठल्या डब्यात जातात? त्यांनी कोपऱ्यातला पांढरट, सुई आरपार जाणार नाही असा झाकणाचा डबा दाखवला. मग मी निवांत आडवी झाले.

टोचायची पद्धत अशी की प्लास्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवतात, आत सुई असते, वरून हलकीच टिचकी मारतात, झालं. डास चावला तरी मी जास्त ओरडते. पण खरी गंमत पुढे आहे, मॅडम नळी काढून सुई थोडी आत सारतात, बोटांत धरून हळूच फिरवतात, आणि मग खोल कुठेतरी ठणका लागतो, जडपणा येतो, मुंग्या आल्यागत वाटतं, एकदा तर कोपरापर्यंत झिणझिणी गेली. त्या विचारतात काही वाटलं का, वाटलं म्हणालं की त्या खूश. चिनी वैद्यकात या जड वाटण्याला फार महत्त्व, त्याला दे-ची म्हणतात, ते जाणवलं म्हणजे सुई जागेवर बसली. मात्र चटका बसल्यागत किंवा तीक्ष्ण दुखलं तर तिथल्या तिथे सांगायचं, सहन करत पडायचं नाही. आपल्याकडे बायकांना हे शिकवावं लागतं.

सगळ्यात नवल पायाचं. खांदा धरलाय आणि मॅडम पलाझो वर करून नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि घोट्याच्या बरोबर मधोमध सुई लावतायत. नवरा बारीक आवाजात म्हणाला, "मॅडम, खांदा." त्या म्हणाल्या माहीत आहे. या जागेचं नाव त्याओकोऊ, धरलेल्या खांद्यासाठी जुनी ठरलेली जागा. पायातली सुई त्या फिरवत राहिल्या आणि मला म्हणाल्या हात वर करा. केला. रोज जिथे अडतो त्याच्या वर चार बोटं गेला हो! नवऱ्याने टाळीच वाजवली. त्यामागे सुई किती आणि दोन डॉक्टर-नवरे समोर उभे असल्याचा जोश किती, ते मला सांगता येणार नाही. (दोन म्हणजे एक डॉक्टर, एक नवरा. घाईत लिहितेय.)

मग उरलेल्या सुया हाताला, खांद्याला, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. त्यातल्या दोनांना चिमटे लावून छोट्या मशीनला जोडलं, करंट अगदी कमी, पण खांद्याचा स्नायू आपला आपण टकटक उडायला लागला, माझी परवानगी न घेता. मी संक्रांतीच्या हलव्याच्या दाण्यासारखी काटेरी होऊन पडलेली. मॅडम म्हणाल्या आता अर्धा तास आराम करा, हलू नका. आणि पडदा ओढून गेल्या.

इथे खरा छळ सुरू होतो आणि हे कोणी कुठे लिहीत नाही. सुया परवडल्या. पण अर्धा तास हलायचं नाही म्हणजे काय? आयुष्यात अर्धा तास मी झोपेत पण स्वस्थ नसते. पहिल्याच मिनिटाला नाक खाजायला लागलं. पर्समध्ये फोन वाजला, थांबला, परत वाजला, म्हणजे नक्की सासूबाई, म्हणजे नक्की गॅस की कुकर. बाहेरून कचऱ्याच्या गाडीचं गाणं आलं आणि सवयीने पाय जमिनीकडे निघाला, तो नडगीने जागेवर आणला. मग एक माशी आली. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर काढणारं शहर, त्यात एकुलती एक माशी, आणि ती माझ्या भुवईवर.

त्यात पलीकडच्या पडद्यातून आवाज आला, "मराठी का आपण?"

एक आजोबा होते. गुडघ्यांसाठी येतात. आडनाव विचारून झालं, माहेर विचारून झालं, देवास म्हटल्यावर "थोरली पाती की धाकटी पाती?" (तिथे पूर्वी दोन संस्थानं होती) ते झालं, माझ्या काकांचे एक साडू त्यांच्याबरोबर होते नोकरीत हे निघालं. मग म्हणाले, "या सुया आपल्या देशात कोणामुळे आल्या ठाऊक आहे का?" मी नाही म्हणाले. उठून जाता येत असतं तर हो म्हणाले असते.

तर १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यात सोलापूरचे कोटणीस, नागपूरचे चोळकर, आणि बंगालचे बिजॉय कुमार बसू. कोटणीस तिथेच १९४२ मध्ये वारले, ते सर्जन होते, सुयांशी त्यांचा संबंध नाही. पण बसू १९५८ मध्ये परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात सुरू केलं. हे आजोबा छान सांगत होते, खोटं कशाला बोलू, मी माशी विसरले. मग गाडी १९७१ वर आली. न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन चीनमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढलं, "नुसत्या सुया टोचून, भूल न देता!" एवढ्यात मॅडम आल्या आणि म्हणाल्या, काका, दर वेळी तेच सांगता, ऑपरेशन नेहमीचं भुलीचं इंजेक्शन देऊनच झालं होतं, सुया नंतर लावल्या, दुसऱ्या रात्री पोट त्रास द्यायला लागलं तेव्हा, उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली. रेस्टननी ते छापलं आणि अमेरिकेत सुयांची लाट आली. आजोबा दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "पण वाटलं ना बरं?" आणि लगेच घोरायला लागले. सुया लावून बरेच जण झोपतात म्हणे. मला मत्सर वाटला.

सुया काढताना काही कळत नाही. मोजून लावल्या होत्या तशा मोजून काढल्या. एका जागी रक्ताचा थेंब आला, कापूस दाबला, दुसऱ्या दिवशी तिथे निळसर डाग. तेवढं चालतं. क्वचित कोणी खांद्या-छातीजवळ सुई फार खोल घातली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून शिकलेल्या हाताकडेच जायचं, स्वस्तातला कोर्स करून आलेल्या ओळखीच्या मुलाकडे नाही. उठल्यावर डोकं हलकं हलकं वाटतं, झोप येते, तेव्हा लगेच ॲक्टिव्हा काढू नये, बाहेर थोडं बसावं, पाणी प्यावं. नवऱ्याच्या मते शिकंजी पण चालते आणि त्यासाठी छप्पन दुकान ही खाऊगल्ली फार लांब नाही.

मी मॅडमना सरळ विचारलं याने खरंच होतं का. बाई प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, बोथट टोकाची, दाबली की आपल्याच दांड्यात शिरणारी खोटी सुई लावून पण लोकांवर तपासलंय, खोट्या सुईनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. दुखण्यात खऱ्या सुईचं पारडं थोडंसंच जड निघतं. दुखणं कमी झालं की व्यायाम करवतो, तुमचा खांदा व्यायामाने सुटणार. आठवड्यातून एक-दोनदा या, पाच-सहा वेळा येऊन फरक नसेल तर मीच थांबवीन. मग भिंतीवर बोटं चालवत वर वर नेण्याचा व्यायाम दिला. आमच्या हॉलच्या भिंतीवर बोटांचे ठसे अजून आहेत, सासूबाई ते पुसू देत नाहीत, पाहुण्यांना दाखवतात.

खांदा सुटला हळूहळू. जिरावणचा डबा मीच काढते. श्रेय कोणाचं यावर मात्र एकमत नाही. सासूबाई म्हणतात तेल, नणंद म्हणते टॉवेल, नवरा म्हणतो दर वेळी सोडायला-आणायला कोण होतं, हाडाचे डॉक्टर म्हणाले मी सांगितलंच होतं आपोआप सुटतो. पहलवानाला अजून माहीत नाही, नाहीतर तोही वाटा मागेल.

आता या दुखण्याची एक खोड अशी की एक खांदा सुटला की काही जणांचा दुसरा धरतो. परवा दोरीवर चादर टाकताना डावा अडला. घरात कोणाला बोलले नाहीये. गुपचूप क्लिनिकला फोन लावला, आणि वेळ घ्यायच्या आधी विचारून घेतलं की ते गुडघ्यांचे आजोबा कुठल्या वारी येतात.