रेती, काच आणि ‘शंभर पिल्लं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘कॉरीच्या पिल्लांना रेतीचा पातळ थर द्या’ या माझ्या लेखाखाली (कॉरी म्हणजे घरच्या काचेच्या टाकीत तळाशी राहणारा छोटा मिशाळ कॅटफिश) ‘काचतळ’ असं नाव घेतलेल्या पुण्याच्या एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. ती तशीच ठेवली आहे, एक अक्षर कापलेलं नाही. खाली जाऊन वाचायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उघड्या काचेचा तळ रोज सायफन करता येतो, म्हणजे नळीने कचरा ओढून काढता येतो; रेतीत उरलेलं खाद्य दिसत नाही आणि कुजतं; औषध द्यायची वेळ आली की रेती आड येते; चेन्नईच्या कोलथुरमधले ब्रीडर, म्हणजे धंद्यासाठी मासे वाढवणारे, रेती वापरत नाहीत, ते काय खुळे आहेत का; मी माशाचं शास्त्रीय नाव जुनंच लिहिलं; नागपूरच्या गरमीत कॉरी पाळणं हा मुळातच छळ आहे. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य : ‘ज्याने आयुष्यात शंभर पिल्लं विकली नाहीत त्याने टाकीच्या तळावर प्रवचन देऊ नये.’

नमस्कार, काचतळ. तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकतो. ब्रॉन्झ या कॉरीच्या प्रकाराला मी कॉरिडोरास एनिअस लिहिलं होतं. २०२४ मध्ये त्या अवाढव्य गटाची वाटणी झाली, ब्रॉन्झ ऑस्टिओगास्टरमध्ये गेला आणि पेपर्ड, पांडा, स्टरबाय हे इतर कॉरी हॉप्लिसोमात गेले. मान्य. लेखात दुरुस्ती केली. आता तुम्ही कधी नागपूरला आलात तर बर्डीवरच्या एखाद्या दुकानात जाऊन ‘भाऊ, ऑस्टिओगास्टर आहे का’ असं विचारून पाहा. तो तुम्हाला समोरचं मेडिकल दाखवेल. पेपर्ड कॉरी डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत पकडला आणि जेनिन्सने १८४२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्या बिचाऱ्यालाही आता नवीन आडनाव लागलं आहे. असो. एवढ्या एका दुरुस्तीबद्दल आभार, मनापासून.

आता ते शंभर पिल्लांचं वाक्य.

मला कळत नाही, मत मांडायला विक्रीची पावती कधीपासून लागायला लागली? मी पिल्लं विकत नाही, हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे. मी ती ओळखीच्या दुकानदाराला देतो, तो बदल्यात खाद्य देतो, कधी एखादा एअरपंप देतो. हा व्यवहार तुमच्या वहीत बसत नसेल तर तो वहीचा दोष. किती पिल्लं दिली त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही, कारण मी दुकान उघडलेलं नाही.

मी नागपूरच्या महाल भागात वाढलो. आमच्याकडची पहिली टाकी लोखंडी पट्ट्यांची होती, काचा पुट्टीने बसवलेल्या, कोपऱ्यातून कायम थेंब गळणारी. वडिलांनी तळाला रंगीत खडे टाकले होते, निळे आणि हिरवे, कारण तेव्हा तसंच असायचं. त्या खड्यांच्या फटींत खाद्य अडकायचं, पाण्याला वास मारायचा, आणि आमच्या दोन कॉरींच्या मिशा झिजत झिजत नुसते ठिपके उरले होते. पुढे नोकरी लागल्यावर एका जुन्या दुकानदार काकांकडे माझ्या संध्याकाळी जायच्या. त्यांच्या मागच्या खोलीत भिंतभर टाक्या होत्या, सगळ्या उघड्या काचेच्या. सायफन कसा लावायचा, अंडी काचेवरून बोटाने कशी सोडवायची, बुरशीवरचं मिथिलीन ब्लू किती थेंब, हे सगळं मी तिथे शिकलो. म्हणजे काचेचा तळ मला पुण्याहून कोणी समजावून सांगायची गरज नाही, बाप्पा. बरीच वर्षं मी तेच केलं.

मग बदललं का? कारण पिल्लं मरायची, आणि दर वेळी त्याच सुमारास. ब्रॉन्झची अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात, पिल्लू जेमतेम अर्धा सेंटिमीटरचं असतं, पुढचे दोन दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगतं. तोवर सगळं छान. त्यानंतर खाद्य सुरू झालं की दुसऱ्या आठवड्यात पोटाची बाजू लालसर दिसायला लागायची, शेपटीची कड विरायची, आणि सकाळी चार-पाच आडवी. पाणी तपासलं तर अमोनिया शून्य. शेवटी एकाच जोडीची, एकाच सकाळी घातलेली अंडी मी दोन टाक्यांत वाटली. पाणी तेच, स्पंज फिल्टर तसाच, आर्टेमियाचं (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं) खाद्य एकाच बाटलीतलं. एकीत उघडी काच, दुसरीत चाळलेल्या रेतीचा अर्ध्या सेंटिमीटरचा थर. काचेवरची निम्म्याहून अधिक गेली, रेतीवरची जवळपास सगळी वाढली. हे मी पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं, आणि त्यानंतर काचेवर पिल्लं वाढवणं सोडलं.

कारण काही गूढ नाही. गप्पी किंवा एंजलचं पिल्लू पाण्यात तरंगत वाढतं, त्याला तळाशी देणंघेणं नसतं. कॉरीचं पिल्लू दिवसाचे चोवीस तास पोट टेकून बसतं. उघड्या काचेवर खाद्य पडायला लागलं की जीवाणूंचा थर धरतो. आठवडाभर न घासलेल्या माठाच्या आत बोट फिरवा, तसा बुळबुळीत. सायफनने वरचा कचरा उचलला जातो, हा थर जागेवरच राहतो आणि पिल्लाचं पोट, मिशा, पंख त्याला चिकटून असतात. रेतीत असा सलग थर धरतच नाही. कण हलतात, पिल्लं ते तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतात, आणि प्रत्येक कणावर अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंना जागा मिळते. शिवाय नितळ काचेतून खालचं प्रतिबिंब चमकतं, त्याने मोठे मासेसुद्धा बिचकून कोपऱ्यात गोळा होतात. कॉरी रेती चाळतो हे त्याच्या तोंडाच्या ठेवणीतच आहे, ते मी ठरवलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, काच रोज पुसली असती तर पिल्लं मेली नसती. पुसत होतो. रोज? बहुतेक रोज. ज्याला सकाळी ऑफिस गाठायचं असतं त्याच्याइतपत रोज. दिवसातून दोनदा स्पंजने तळ पुसायला ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर काचेवर वाढवावीत, माझी ना नाही. पण मग तो वेळ आहे म्हणून इतरांना नालायक ठरवू नका ना.

आणि एक गोष्ट मला खरंच खटकली. तुम्ही लेख पूर्ण वाचलाच नाही. वाचला असता तर दिसलं असतं की मी रेतीचा भक्त वगैरे नाही. अंडी मी उघड्या प्लास्टिकच्या डब्यात उबवतो, तळाला काहीही नाही, हवेचा बारीक बुडबुडा आणि देशी बदामाचं एक वाळलेलं पान. कारण बुरशी धरलेलं अंडं दिसलं पाहिजे आणि ड्रॉपरने उचलता आलं पाहिजे. ब्रिस्टलनोज या दुसऱ्या कॅटफिशच्या टाकीत तर मी आजही काहीच टाकत नाही. नर गुहेत नारिंगी अंड्यांचा घोस राखत बसतो, पिल्लं बाहेर पडली की लाकडाला आणि काचेला तोंडाने चिकटतात, त्यांना तळ असला काय नि नसला काय. हे सगळं चौथ्या परिच्छेदात लिहिलं आहे. तुम्ही शीर्षक वाचलं, डोकं तापलं, आणि सुरू झालात. ‘कॅटफिश सगळे सारखेच’ असं तुम्ही ज्या थाटात लिहिलं आहे, ते वाचून शंभर पिल्लं नेमकी कोणत्या माशाची विकली असावीत असा प्रश्न मलाही पडला. पण मी तो विचारणार नाही.

कोलथुरबद्दल एवढंच की धंद्याचं गणित वेगळं असतं. तिथे पिल्लू लवकर मोठं करून लवकर बाहेर काढायचं असतं, टाकीमागे माणसं असतात, पाणी सतत बदललं जातं. तिथल्या लोकांना मी खुळं म्हटलेलं नाही. ते शब्द तुमचे आहेत, माझ्या तोंडी घालू नका.

राहिले बाकीचे मुद्दे. रेतीत खाद्य दिसत नाही, औषध मोजता येत नाही, आजारी पडलेली टाकी निर्जंतुक करायला त्रास होतो. एकेकावर लिहीत बसलो तर दिवाळी अंक होईल. थर पातळ ठेवला तर हे प्रश्न उरत नाहीत, निदान मला आलेले नाहीत. आजारी मासा मी तसाही वेगळ्या टाकीत काढतो.

गरमीचं मात्र सांगतो, कारण त्यावर तुम्ही ‘छळ’ हा शब्द वापरला. मे महिन्यात इथे ४५ च्या वर पारा जातो हे आम्हाला माहीत आहे, आम्ही इथेच राहतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, म्हणून उन्हाळ्यात माझ्याकडे टाक्यांत मासे कमी आणि हवा जास्त असते. टाक्या उत्तरेच्या खोलीत आहेत, कूलर त्याच खोलीत चालतो, दुपारी गोठवलेल्या बाटल्या तरंगतात. थंड पाण्याचा पेपर्ड मी याच कारणाने ठेवत नाही. स्टरबाय २८ अंशांपर्यंत मजेत असतो. उन्हाळ्यात मी जोड्या लावतही नाही. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडतो, पाणी बदलताना चार अंश गार पाणी पडतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मादी पोटाखालच्या पंखांत अंडी धरून काचेवर जागा शोधत फिरताना दिसते. छळ झालेला मासा असं करत नाही. तुमच्या पुण्याच्या हवेत तुम्हाला हे आयतं मिळतं, त्याचं कौतुक तुम्हालाच असू द्या.

तुमची पुढची प्रतिक्रियाही छापीन. फक्त या वेळी लेख वाचून लिहा, आणि माशावर लिहा. माझ्या लायकीवर लिहायला घरचे लोक पुरेसे आहेत.

याच धाग्यात चंद्रपूरच्या एका ताईंनी साधा प्रश्न विचारला होता, तो या गदारोळात राहून गेला : रेती कोणती आणि धुवायची कशी? ताई, घराजवळ बांधकाम सुरू असेल तिथून नदीची रेती मागा. मी कन्हानची वापरतो. आजकाल ट्रकने येते ती बऱ्याचदा क्रश सँड असते, दगडाचा चुरा. ती घेऊ नका, कण धारदार असतात. चिमूटभर तळहातावर चोळून पाहा, टोचली तर नको. थोड्या कोरड्या रेतीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात शिंपले किंवा चुनखडीचा अंश आहे, पाणी जड होईल. मग चाळणीने एक मिलिमीटरच्या आतली वेगळी करा, बादलीत पाण्याचा पाईप तळापर्यंत खुपसून ढवळत राहा, गढूळ पाणी ओतत राहा. बराच वेळ लागतो, अर्ध्यात सोडू नका. पाणी नितळ झालं की वरून उकळतं पाणी ओता आणि गार होऊ द्या. पिल्लांच्या टाकीत अर्धा सेंटिमीटर, मोठ्या माशांच्या टाकीत दोन ते तीन. त्याहून जाड नको, खालचा भाग हवेविना काळा पडतो आणि हलवला की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.